१,८९० रात्री आणि साडेदहा दिवस

शाळेच्या शेवटच्या दिवशी ऐंशी मुलामुलींनी एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर सह्या करायच्या ठरवल्या, तर एकूण किती सह्या होतील? प्रत्येक शर्टावर ७९, म्हणजे सगळ्या मिळून ६,३२०. पाठ भरते, बाह्या भरतात, शेवटी कॉलरखालचा कोपरा शोधावा लागतो. जवाहर नवोदय विद्यालयातल्या बारावीच्या तुकडीचा निरोप जवळ आला की असे आकडे आपोआप समोर येतात, कारण ही मुलं नुसती एका वर्गात शिकलेली नसतात. सहावी ते बारावी अशी सात वर्षं ती एका आवारात उठलेली, जेवलेली, आजारी पडलेली आणि झोपलेली असतात. निकालाच्या दिवशी टक्के छापून येतात. या सात वर्षांत खरोखर काय घडलं ते मोजायचं, तर टक्क्यांपेक्षा वेगळे आकडे मांडावे लागतात.

आधी शाळेविषयी थोडं. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा असावी, ही कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून पुढे आली. प्रयोग म्हणून त्याआधीच, १९८५-८६ मध्ये, दोन शाळा सुरू झाल्या होत्या. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात अशा साडेसहाशेहून अधिक शाळा आहेत. तमिळनाडूत एकही नाही, बाकी जवळजवळ सगळीकडे आहेत. महाराष्ट्रात टाकळी ढोकेश्वर, पलूस, कागल, पोखरापूर, गढी, साकेगाव, तळोधी बाळापूर, घोट ही गावं अनेक घरांत या शाळेच्याच नावानं ओळखली जातात. गोव्यात काणकोण आणि वाळपई.

सहावीला जागा ८०, चाळीस-चाळीसच्या दोन तुकड्या. त्यातल्या निदान ६० जागा ग्रामीण मुलांच्या, आणि किमान एक तृतीयांश, म्हणजे २७ मुली. गावाकडे कुणी म्हणत नाही की मुलानं प्रवेश परीक्षा उत्तीर्ण केली. म्हणतात, ‘नवोदयला नंबर लागला’. हा नंबर लागणं किती अवघड आहे ते पाहा. देशभरातल्या जागा ६५० गुणिले ८०, म्हणजे ५२,००० च्या आसपास. अलीकडच्या वर्षांत अर्ज वीस लाखांच्या वर जातात. म्हणजे चाळीस मुलांमागे एकाचा नंबर. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. एका प्रश्नाला दीड मिनिट. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला दुसरी संधी नसलेली परीक्षा आपल्याकडे क्वचितच दुसरी कुठली असेल. हा नियम मला कठोर वाटतो, पण चाळीसजण दारात उभे असताना एकालाच आत घ्यायचं, तर कुठला नियम मवाळ ठरणार?

पैशाचा हिशेब एका ओळीत उरकतो. आठवीपर्यंत राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून काही मुलांना महिना ६०० रुपये विकास निधी भरावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं यांना तोही माफ. सरकारी नोकरांच्या मुलांना महिना १,५०० पडतात, ती बाब सोडू. ज्याला ६०० पडतात त्याचे चार वर्षांचे २८,८०० रुपये झाले. सात वर्षांतल्या रात्रींवर ते वाटले तर एका रात्रीला १५ रुपये. त्यात अंथरूण, चार वेळचं खाणं, शिक्षक आणि सकाळची पीटी.

आता त्या रात्री. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी वजा केली की वर्षाचे साधारण नऊ महिने मूल शाळेत असतं. २७० रात्री. सात वर्षांच्या १,८९०. सहावीचे प्रवेश कधी उशिरा होतात, बारावी लवकर आटपते, त्यामुळे आकडा ढोबळच धरायचा. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दिवस असतात ६,५७४. म्हणजे बारावी झालेल्या नवोदयच्या मुलानं आजवरच्या आयुष्याचा २९ टक्के भाग याच ऐंशी जणांच्या सोबतीत काढलेला असतो. झोपेचे आठ तास सोडले तर १,८९० दिवसांचे जागते तास होतात ३०,२४०. नोकरी करणारं एखादं जोडपं रोज चार जागते तास एकमेकांसोबत असेल, तर इतके तास भरायला त्यांना वीस वर्षं आणि आठ महिने लागतील. वर्गमित्राच्या चालण्याच्या आवाजावरून अंधारातही तो कोण हे ओळखणारी मुलं या शाळांत तयार होतात, त्याचं कारण या आकड्यात आहे. वीस वर्षांच्या संसाराइतकी ओळख वयाच्या अठराव्या वर्षी पदरात पडलेली असते, आणि तीही एकाशी नाही, ७९ जणांशी.

दिवसातून तीनदा जरी हजेरी धरली, तरी ‘प्रेझेंट सर’ हे दोन शब्द प्रत्येकानं ५,६७० वेळा उच्चारलेले असतात. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकायला मिळणं, आणि आपण नसलो तर कुणीतरी शोधायला निघणं, हे घराबाहेरच्या फार थोड्या जागी घडतं. अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी या चार हाऊसचे हाऊस मास्टर रात्री टॉर्च घेऊन खाटा मोजतात, तो हिशेब मला शाळेतल्या सगळ्या हिशेबांत थोर वाटतो.

मेसकडे वळू या, कारण खऱ्या अर्थानं डोळे फिरतात ते इथे.

सहा वर्ग खाली आणि बारावी वर, असे पूर्ण भरलेले सात वर्ग म्हणजे ५६० मुलं. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण. रोज २,२४० वेळा कुणाच्या तरी ताटात काहीतरी पडतं. एका मुलाची सात वर्षांतली अशी ताटं ७,५६०. आता दिवसाला माणशी चारच चपात्या धरू. वाढत्या वयाच्या मुलांना हा आकडा मान्य होणार नाही, पण हिशेबाला बरा आहे. रोजच्या २,२४० चपात्या. एका चपातीला तीस ग्रॅम पीठ म्हटलं तर रोज ६७ किलो. एका माणसानं वीस सेकंदांत एक या वेगानं लाटायला घेतल्या, तर न थांबता साडेबारा तास लागतील. वर्षाच्या चपात्या सहा लाखांवर जातात, आणि एका तुकडीच्या सात वर्षांत त्या मेसमधून ४२ लाख ३३ हजार ६०० चपात्या निघतात. अठरा सेंटिमीटर व्यासाची एक, अशा त्या एकीला एक लावून मांडल्या तर ओळ होते ७६२ किलोमीटरची. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. संपूर्ण महामार्ग झाकून साठ किलोमीटर चपात्या शिल्लक राहतील. आणि हे एका जिल्ह्यातल्या एका स्वयंपाकघराचं काम. कणीक मळायला यंत्र असो वा नसो, पहाटे चारला तिथला दिवा लागलेला असतो. निरोपाच्या भाषणांत प्राचार्यांचे आभार सगळे मानतात. जी तुकडी मेसमधल्या दादांना आणि मावशींना मंचावर बोलावते, तिला हिशेब कळलेला असतो.

त्या मेसच्या रांगेचंही एक गणित आहे. ऐंशी जण एका रांगेत किती वेगवेगळ्या क्रमांनी उभे राहू शकतील? पहिल्या जागी ऐंशीपैकी कुणीही, दुसऱ्या जागी उरलेल्या ७९ पैकी कुणीही, असं करत शेवटपर्यंत सगळे आकडे गुणत जायचं. उत्तर ११९ अंकी येतं. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या एकूण अणूंचा अंदाज साधारण ८१ अंकी आहे. म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याला एक अब्ज अब्ज अब्ज अब्ज रांगा दिल्या तरी पुष्कळ उरतील. चिठ्ठ्या टाकून उभं राहायचं ठरवलं असतं, तर विश्वाच्या अंतापर्यंत तीच रांग पुन्हा लागली नसती. प्रत्यक्षात सातवीपासून बारावीपर्यंत त्याच्या पुढे तोच असतो आणि तिच्या मागे तीच. इतक्या शक्यतांतून मुलं पुन्हा पुन्हा एकच निवडतात, त्याला आपण मैत्री म्हणतो.

पाण्याचा आकडा मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. वसतिगृहासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं भारतीय मानक सांगतं. ५६० मुलांचे ७५,६०० लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेसात टँकर, रोज. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ती सगळी गाडी अशा एका शाळेला आठवडाभरही पुरली नसती. दुष्काळी जिल्ह्यांतल्या मुलांना १३५ लिटर कधी मिळत नाहीत. अर्ध्या बादलीत आंघोळ आणि उरलेल्यात मोजे धुणं ती शिकतात. माजी विद्यार्थी भेटले की शिक्षकांच्या आधी नळाच्या वेळा आठवतात, हे स्वाभाविक आहे.

वाढदिवसांची गोष्ट जरा गमतीची. २३ माणसं एकत्र आली तरी त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ऐंशी जणांत ती ९९.९९ टक्क्यांवर जाते. आणि हे सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य धरून. ज्या गावांतून ही मुलं येतात, तिथल्या कित्येक घरांत आजोबांच्या आणि कधी वडिलांच्याही शाळेच्या दाखल्यावर एकच तारीख असते, १ जून. नेमका जन्म ठाऊक नसेल तर गुरुजी तीच लिहीत. नातवंडांच्या पिढीत जन्माच्या खऱ्या नोंदी आल्या, तेव्हा कुठे हे गणित लावता यायला लागलं.

आता जोड्या. ऐंशी जणांतून दोघांच्या जोड्या किती? ३,१६०. तिघांचे कंपू ८२,१६०. चौघांचे १५ लाख ८१ हजार ५८०. या ३,१६० जोड्यांतली प्रत्येक म्हणजे एक स्वतंत्र नातं: भांडण, अबोला, उसना घेतलेला साबण, गणिताची वही. नववीत या जोड्यांवर एक विलक्षण प्रयोग होतो, जो माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या शाळेत होत नाही. त्याला मुलं मायग्रेशन म्हणतात.

नवोदयच्या नियमाप्रमाणे नववीतली ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये जातात. मराठी मुलुखातली मुलं हिंदी पट्ट्यात, आणि तिकडची इकडे. ८० पैकी २४. चौदा वर्षांचं मूल पेटीला कुलूप घालून रेल्वेत बसतं, आणि हजार-बाराशे किलोमीटरवरच्या शाळेत उतरतं, जिथे भाजीची चव वेगळी, थंडी वेगळी आणि शिवीसुद्धा वेगळी. जोड्यांचं काय होतं पाहा. मागे राहिलेल्या ५६ जणांत आपापसांतल्या जोड्या १,५४०. गेलेल्या २४ जणांत २७६. आणि ज्या जोड्यांतला एक गेला नि एक राहिला, अशा तुटलेल्या जोड्या १,३४४. वर्षभर या १,३४४ नात्यांच्या मध्ये अर्धा भारत असतो. पण त्याच वेळी तिकडून २४ मुलं आलेली असतात. त्यांच्या आणि इथल्या ५६ जणांच्या मिळून नव्या जोड्या होतात, त्याही बरोबर १,३४४. तिकडच्या शाळेतही तेच: आपले २४ आणि तिथले ५६. एका वर्षासाठी जितकी नाती ताणली गेली त्याच्या दुप्पट नवी जुळली, आणि त्यातलं प्रत्येक नातं दोन भाषांतलं. देशभर हा नियम पुरता पाळला, तर दरवर्षी १५,६०० मुलं अशी प्रवासाला निघतील.

राष्ट्रीय एकात्मतेवर शाळाशाळांत निबंध लिहिले जातात. चौदाव्या वर्षी परक्या मुलुखात ताप आल्यावर कपाळावर पट्टी ठेवणारा मुलगा दुसरी भाषा बोलत होता, हे ज्यानं अनुभवलं त्याला निबंधाची गरज उरत नाही. बिहारकडून आलेली मुलं वर्षभरात मराठीत भांडायला लागतात आणि आपली मुलं परत येताना हिंदीत स्वप्नं पाहत येतात. नियम कागदावर कोरडा दिसतो, पण भारताचा नकाशा मुलांच्या अंगात उतरवायचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. तो सगळ्याच निवासी शाळांनी घ्यायला हवा.

मिळकतीची बाजू एवढी मोठी, तर खर्चाची बाजूही मांडायलाच हवी.

सात वर्षांत दिवस २,५५५. त्यातले १,८९० शाळेचे, तर घरचे उरले ६६५. अकरा ते अठरा या वयात आईच्या हातचं जेवण दोन वर्षांपेक्षा कमी काळ. शाळा चालू असताना मोबाइलला बंदी असते. बहुतेक ठिकाणी महिन्यातला एक रविवार पालकभेटीचा. वर्षाचे नऊ, सात वर्षांचे ६३. गावातून पहिली एसटी पकडून, दोन ठिकाणी गाडी बदलून, डबा सांभाळत आई-वडील पोचतात, झाडाखाली चादर टाकतात, आणि परतीची गाडी चुकायला नको म्हणून चारच्या सुमाराला उठतात. भेट चार तासांची धरू. ६३ रविवारांचे २५२ तास. भागिले चोवीस. साडेदहा दिवस.

शाळा चालू असलेल्या सगळ्या काळात, सात वर्षं मिळून, आई आणि मूल समोरासमोर बसले ते एवढंच. आणि हे ज्यांना प्रत्येक रविवार जमला त्यांचं. ज्यांची एक दिवसाची मजुरी बुडायची, ज्यांची ऊसतोड परजिल्ह्यात चालू असायची, त्यांचे रविवार याहून पुष्कळ कमी. कित्येक मुलं त्या रविवारी दुसऱ्याच्या चादरीवर बसून दुसऱ्याच्या आईच्या हातचं थालीपीठ खातात. तिथे नवोदयच्या आया स्वतःच्या मुलापुरता डबा आणत नाहीत. चार जणांना पुरेल असा आणतात, कारण कुणाची आई येणार नाही हे मुलानं आधीच सांगितलेलं असतं.

गाव शाळेपासून सरासरी पन्नास किलोमीटरवर धरलं, तर एका पालकाची ये-जा ६३ वेळा, म्हणजे ६,३०० किलोमीटर. जमिनीपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६,३७१ आहे. एका तुकडीच्या ऐंशी पालकांनी एसटीत, टमटममध्ये आणि दुचाकीवर मिळून कापलेलं अंतर ५ लाख ४ हजार किलोमीटर होतं. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर आहे. चंद्रावर पोचून परतीची वाटही जवळजवळ एक तृतीयांश संपलेली असती, इतका प्रवास चार तासांच्या भेटींसाठी. या प्रवासाची नोंद कुठल्याही शाळेच्या अहवालात नसते. ती असायला हवी, निकालाच्या तक्त्याच्या वर.

काही तुकड्यांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. २०१८ साली सहावीत आलेली मुलं सातवीत असताना, मार्च २०२० मध्ये, कोरोनामुळे वसतिगृहं रिकामी झाली आणि वर्षाहून अधिक काळ रिकामीच राहिली. १,८९० मधून निदान २७० रात्री वजा. सहा लाख चपात्या भाजल्या गेल्या नाहीत. ही मुलं घरी होती, आईच्या डोळ्यांसमोर, पण कित्येकांच्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर शेतात. परत आली तेव्हा आवाज फुटलेले होते, उंची बदललेली होती, खाटांवर मावत नव्हती. सात वर्षांत एक मूल सरासरी पंचवीस सेंटिमीटर वाढतं असं धरलं, तर ऐंशी जणांची मिळून वाढ होते वीस मीटर, म्हणजे सहा मजली इमारत. एरवी ही इमारत एकमेकांच्या देखत चढते, रोज प्रत्येकाच्या वाट्याला केसाएवढी. या तुकडीचे दोन मजले कुणी पाहिलेच नाहीत. २०२५ साली ही मुलं बारावी होऊन बाहेर पडली, तेव्हा त्यांनी सहा वर्षांहून कमी काळात सात वर्षांची मैत्री करून दाखवली होती.

तसं पाहिलं तर सहावीला आलेले ऐंशीच्या ऐंशी जण बारावीत कधीच नसतात. काहीजण पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीनं परत जातात, काहीजण दहावीनंतर शहरात अकरावीला जातात, नववीला आणि अकरावीला रिकाम्या जागांवर नवे येतात. तरी तुकडी स्वतःला सहावीच्या प्रवेशाच्या क्रमांकानंच ओळखते. चाळिशीतला माणूसही ‘मी अमक्या बॅचचा’ म्हणतो, आणि दहावीनंतर गेलेला मित्रही त्याच बॅचचा राहतो. मोजणी त्यांची, नियमही त्यांचे.

आणि आता ही तुकडी निघाली आहे. दर डिसेंबरला शाळेत भेटायचं, असं ठरलं असणार. ते दर वर्षी ठरतं. त्याचंही गणित करून ठेवू. प्रत्येकजण येण्याची शक्यता निम्मी असेल, तर ऐंशीच्या ऐंशी जण एकाच वर्षी हजर असण्याची शक्यता एकावर चोवीस शून्यांतून एक. ती सोडून द्या. प्रत्येकानं मनावर घेतलं आणि येण्याची खात्री नव्वद टक्क्यांपर्यंत नेली, तर? तरीही सगळे एकत्र येण्याचा योग सुमारे ४,५७७ वर्षांतून एकदा. पंचाण्णव टक्के केली तर साठ वर्षांतून एकदा. तेव्हा वय ७८ असेल. नव्याण्णव टक्के केली, म्हणजे लग्न, रजा, परदेश, काहीही आडवं आलं तरी प्रत्येकजण शंभर वर्षांत एकदाच चुकेल असं ठरवलं, तर सगळे ऐंशी जण दर सव्वादोन वर्षांनी एकदा त्या मेसमध्ये रांगेत उभे असतील.